गिऱ्हाईक पावतीमुळे जातंय की जागा न मिळाल्यामुळे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बाजारपेठेच्या मुख्य रस्त्यावर पार्किंगला दोन तासांची मर्यादा आली आणि ती ओलांडली की दंडाची पावती लागते. व्यापारी संघटनेचे एक पदाधिकारी विचारतात की यामुळे गिऱ्हाईक तुटतंय, तर मर्यादा रद्द करा म्हणून मागणी करावी की दंड कमी करा म्हणून? आणि ज्या ग्राहकाच्या काचेवर पावती लागली त्याला आम्ही काय सांगायचं?

वीसेक वर्षं मी बाजारपेठांच्या पार्किंगचंच काम करतो. मोजणी, आराखडे, पाट्या आणि त्यानंतर दोन्ही बाजूंच्या शिव्या. माझं म्हणणं, यातली एकही मागणी इतक्यात करू नका. आधी एक दिवस मोजा.

मोजायला यंत्र लागत नाही. वही, पेन आणि पायी फिरायला तयार असलेली दोन माणसं पुरतात. रस्त्यावरच्या प्रत्येक जागेला नंबर द्या. दुकानं उघडायच्या अर्धा तास आधी पहिली फेरी मारा आणि मग दर अर्ध्या तासाला एक. जागेवर जी गाडी असेल तिच्या नंबरातले शेवटचे चार आकडे लिहायचे. जागा रिकामी असेल तर आडवी रेघ, मागच्या फेरीतलीच गाडी असेल तर बरोबरची खूण. एखादा साधा दिवस आणि एक गर्दीचा दिवस, एवढं केलंत तरी खूप झालं. संध्याकाळी वही उघडा. काही ओळींत दिवसभर नवनवे आकडे दिसतील. काही ओळींत मात्र सकाळी एक नंबर, आणि पुढे खूण, खूण, खूण, थेट दिवेलागणीपर्यंत.

एका ठिकाणी अशीच वही घेऊन मी व्यापाऱ्यांच्या बैठकीत गेलो होतो. "गिऱ्हाइकाला जागा मिळत नाही" यावर तासभर तावातावाने बोलणं झालं होतं. मी खुणांच्या ओळींमधले नंबर वाचायला घेतले. चौथ्या नंबरला अध्यक्षच म्हणाले, "ही माझी." सातवा त्यांच्या मुनिमाचा निघाला.

यात कुणाची बदमाशी नसते. दुकानदार आणि दुकानातली माणसं सगळ्यांच्या आधी येतात, रस्ता मोकळा असतो, दारासमोरची जागा हाताशी असते. गाडी लावली की दिवसभर लक्षही राहतं. पण हिशोब करून बघा. दुकान दहा तास उघडं असतं आणि गिऱ्हाईक सरासरी पाऊण तास थांबतं असं धरू. मध्ये थोडा वेळ जागा रिकामी राहिली तरी एका जागेवर दिवसाला दहा-बारा गाड्या येऊन जाऊ शकतात. तिथे एक गाडी सकाळपासून ठाण मांडून बसली की ती दहा-बारा गिऱ्हाइकांची जागा अडवते. अशा दहा गाड्या असतील तर शंभरेक गिऱ्हाइकं रोज चक्कर मारून निघून जातात, आणि ती कुणाला दिसतही नाहीत. पावती मिळालेलं गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडतं, म्हणून त्याचा आवाज ऐकू येतो. जागा न मिळालेलं गिऱ्हाईक काही न बोलता निघून जातं.

रस्त्यावरच्या पार्किंगला मर्यादा आणि पैसे लागू झाले ते मुळात याच कारणासाठी, आणि तेही व्यापाऱ्यांच्याच तक्रारीवरून. जगातलं पहिलं पार्किंग मीटर 16 जुलै 1935 रोजी अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत सुरू झालं. कार्ल मगी हे तिथले वर्तमानपत्राचे संपादक होते आणि व्यापारी मंडळाच्या वाहतूक समितीचं काम त्यांच्याकडे होतं. मध्यवर्ती भागात काम करणारी माणसं सकाळी गाडी लावून संध्याकाळी काढतात आणि गिऱ्हाइकाला जागा उरत नाही, हीच तिथल्या दुकानदारांची ओरड होती. मीटर आधी रस्त्याच्या एकाच बाजूला बसवले. पलीकडच्या बाजूच्या दुकानदारांना समोरची उलाढाल दिसली आणि थोड्याच दिवसांत त्यांनीही मीटर मागून घेतले, असं सांगतात. नव्वद वर्षं झाली, ओरड तीच आहे. फरक इतकाच की आता ती मर्यादेविरुद्ध होते.

मोजणीतून उलटंही निघू शकतं. गर्दीच्या वेळीसुद्धा रस्त्यावरच्या एक-तृतीयांश जागा रिकाम्या दिसल्या तर त्या रस्त्याला मर्यादेची गरज नाही. तिथे पावत्या फाडणं म्हणजे नुसता जाच आहे, आणि तिथे तुम्ही जरूर मर्यादा काढायची मागणी करा, मी सही करतो. पार्किंगचे अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी एक सोपा मापदंड दिला: प्रत्येक पट्ट्यावर कोणत्याही वेळी एक-दोन जागा मोकळ्या असाव्यात, म्हणजे साधारण 85 टक्के भरलेलं असावं. आठ जागांचा पट्टा असेल तर सात भरलेल्या आणि एक मोकळी. ती मोकळी जागा वाया जाते असं समजू नका, येणाऱ्या गिऱ्हाइकासाठी तेच तुमच्या दुकानाचं दार असतं. ती नसली की माणूस गोल गोल फिरतो. गजबजलेल्या बाजारभागांतल्या जुन्या-नव्या पाहण्यांची शूप यांनी बेरीज केली तेव्हा रस्त्यावरच्या वाहतुकीतला सरासरी 30 टक्के हिस्सा नुसत्या जागा शोधत फिरणाऱ्या गाड्यांचा निघाला. हा आकडा प्रत्येक रस्त्याला लावू नका. पाहण्या जिथे त्रास होता तिथेच झाल्या होत्या.

आता दोन तासांबद्दल. बहुतेक ठिकाणी हा आकडा कुणीतरी टेबलावर बसून ठरवलेला असतो. औषधाच्या दुकानात माणूस दहा मिनिटं थांबतो, कपडे घ्यायला आलेलं कुटुंब अडीच तास, केस रंगवायला आलेल्या बाईंना तीन तासही पुरत नाहीत. सगळ्यांना एकच मर्यादा लावली की एकाला ती ढिली पडते आणि दुसऱ्याला गळ्याशी येते. तुमच्या वहीत याचं उत्तर आहे: खुणा मोजा, म्हणजे लोक खरंच किती वेळ थांबतात ते कळेल. मुख्य रस्त्यावर तास-दीड तास, लगतच्या गल्लीत तीन-चार तास, आणि पाच-सात मिनिटं चालण्याच्या अंतरावर दिवसभराची जागा, अशी उतरंड लावली की बरीच भांडणं आपोआप मिटतात. त्या दिवसभराच्या जागेत आधी तुमची आणि तुमच्या नोकरांची गाडी गेली पाहिजे. ही एक गोष्ट केलीत तर निम्मं काम दंडाशिवाय होतं, असा माझा अनुभव आहे. कामगारांना रात्री उशिरा तिकडे चालत जायला भीती वाटते, ही तक्रार मात्र खरी असते. तिथे दिवे हवेत, नुसता फतवा काढून चालत नाही.

दहा मिनिटांच्या गिऱ्हाइकाचा विचार वेगळा करावा लागतो. जर्मनीतल्या अनेक गावांत पार्किंगच्या यंत्रावर एक बटण असतं, दाबलं की थोड्या वेळाचं तिकीट फुकट मिळतं. लोक त्याला "पावाचं बटण" म्हणतात, कारण सकाळी बेकरीतून पाव घेऊन यायला तेवढाच वेळ लागतो. यंत्रच नको असेल तर युरोपात पुठ्ठ्याची तबकडी चालते. पॅरिसमध्ये 1957 साली निळ्या रंगाची हद्द आखून ही पद्धत सुरू झाली. आल्याची वेळ तबकडीवर लावायची, ती काचेमागे ठेवायची आणि खरेदीला जायचं. जर्मनीत तर पुढच्या अर्ध्या तासाच्या खुणेवर काटा लावायचा असा नियमच आहे, म्हणजे दहा वाजून पाच मिनिटांनी आलात तर साडेदहा. पंचवीस मिनिटं कायद्यानेच पदरात पडतात. खर्च जवळजवळ शून्य, आणि लोकांचा रागही कमी.

मर्यादेचा एक दोष मी लपवणार नाही. ती पाळली जाते आहे की नाही हे बघायला माणूस दोनदा यावा लागतो. पूर्वी टायरवर खडूची खूण करायचे आणि लोक ती पायाने पुसून टाकायचे. अमेरिकेतल्या एका अपील न्यायालयाने तर 2019 साली, टायरवर खडू लावणं हीसुद्धा घटनेच्या दृष्टीने झडतीच आहे, असा निकाल दिला. आणि दुकानातली माणसं दर दोन तासांनी गाडी दोन जागा पुढे सरकवतात तो खेळ सगळीकडे चालतो. त्यासाठी "त्याच पट्ट्यावर अमुक तास परत लावू नये" हे कलम लागतं, नाहीतर मर्यादा कागदावरच राहते. जिथे गर्दी फारच आहे तिथे मर्यादेपेक्षा तासाचं भाडं बरं पडतं. सॅन फ्रान्सिस्कोने 2011 पासून वेगवेगळ्या पट्ट्यांचं भाडं गर्दीप्रमाणे वर-खाली करून पाहिलं आणि त्याच वेळी तासांच्या मर्यादा सैल केल्या. गर्दीच्या पट्ट्यांवर दर चढले, रिकाम्यांवर उतरले, आणि पावत्यांचं प्रमाण खाली आलं. लोकांनी वेळेचे पैसे सरळ दिले, म्हणून दंडाची वेळ कमी आली.

आता मूळ मुद्दा, दंडाचा. दंड किती असावा यावर लोक तासन्तास भांडतात. मला विचाराल तर आकडा दुय्यम आहे, पावती नक्की मिळणार का हे महत्त्वाचं. बेक्कारिया या इटालियन विचारवंताने 1764 सालीच लिहून ठेवलंय की शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची खात्री गुन्हा रोखते. आणि योगायोग बघा, गुन्ह्याचा आर्थिक हिशोब मांडणारे गॅरी बेकर यांना ती कल्पना सुचली ती पार्किंगमुळेच. विद्यार्थ्याची तोंडी परीक्षा घ्यायला उशीर होत होता आणि पैसे देऊन गाडी लावावी की रस्त्यावर नियम मोडून लावावी, पकडले जाण्याची शक्यता किती, असा हिशोब त्यांनी गाडीत बसून केला. पुढे 1992 साली त्यांना नोबेल मिळालं. तुमचं गिऱ्हाईक रोज तोच हिशोब करतं, फक्त त्याला नोबेल मिळत नाही.

खात्रीचं सगळ्यात ठळक उदाहरण न्यूयॉर्कचं आहे. तिथल्या परदेशी राजनैतिक अधिकाऱ्यांकडून दंड वसूल करता येत नव्हता. 1997 च्या नोव्हेंबरपासून 2002 अखेरपर्यंत त्यांच्या दीड लाखाहून जास्त पावत्या थकल्या. मग 2002 मध्ये थकबाकीदारांच्या राजनैतिक नंबरप्लेट काढून घ्यायची मुभा शहराला मिळाली आणि उल्लंघनं जवळजवळ 98 टक्क्यांनी घटली. माणसं तीच, रस्ते तेच.

तेव्हा दंड कमी करा ही तुमची मागणी एका अटीवर बरोबर ठरेल: दंड कमी पण फेरी नियमित. महिन्यातून एकदा येऊन सरसकट गाड्या उचलायच्या किंवा चाकांना जॅमर ठोकायचे, आणि उरलेले एकोणतीस दिवस कुणी फिरकायचं नाही, हा सगळ्यात वाईट प्रकार. त्यात सापडतो तो बाहेरून आलेला, पहिल्यांदा आलेला माणूस. रोजच्या लबाडांना वेळापत्रक पाठ असतं. दंड अगदीच चिल्लर ठेवला तर उलट घोटाळा होतो. इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत, मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना छोटासा दंड लावला तर उशीर वाढला, कारण लोकांनी दंडाला भाडं समजून टाकलं. पार्किंगचा दंड दिवसभराच्या पार्किंगच्या भाड्यापेक्षा थोडा तरी जास्त हवा, नाहीतर पावती हेच सगळ्यात स्वस्त तिकीट होतं. पहिल्या चुकीला ताकीद, दुसरीला कमी दंड, वारंवार करणाऱ्याला चढता दंड, असा जिना असेल तर उत्तम.

आणि सवलतीची मिनिटं हवीतच. ही मागणी तुम्ही लगेच करा, मोजणीची वाट बघू नका. ओक्लाहोमा सिटीत मीटर लागले त्याच उन्हाळ्यात पहिला पकडला गेला तो एक धर्मोपदेशक. मीटरमध्ये टाकायला सुटे पैसे आणायला शेजारच्या किराणा दुकानात गेलो होतो, असं त्याने सांगितलं आणि प्रकरण सोडून द्यावं लागलं. लंडनमध्ये सप्टेंबर 1960 मध्ये वाहतूक वॉर्डन नेमले, त्यांची पहिली पावती गेली एका डॉक्टरला. ते हॉटेलातल्या हृदयविकाराच्या रुग्णाला बघायला धावले होते. लोक खवळले आणि तोही दंड माफ झाला. दोन्हीकडे श्रीगणेशाच माफीने झाला, यावरून शिकायला काही हरकत नव्हती. पण इंग्लंडमध्ये पालिकांच्या पार्किंगला दहा मिनिटांची सवलत नियमाने मिळाली ती थेट 2015 साली. दुकानाच्या रांगेत पुढे एकच माणूस असतो आणि त्याचं कार्ड चालत नाही, तेवढ्यात आपली वेळ संपते. अशा पाच मिनिटांवर पावती फाडली की ते गिऱ्हाईक पुन्हा येत नाही. आणि त्याने अडवलेलं काय? पाच मिनिटं.

पावती फाडणाऱ्या ठेकेदाराला पावतीमागे कमिशन असेल तर त्याविरुद्ध मात्र जोरात बोला. कमिशन आलं की माणूस गर्दीच्या रस्त्यावर फिरायचं सोडतो आणि जिथे पाटी झाडाआड आहे त्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहतो. मी आराखडा तपासायला जातो तेव्हा आधी पावत्यांचा नकाशा मागतो. पावत्या सगळीकडे विखुरलेल्या असतील तर ठीक. एकाच खांबाजवळ ढीग दिसला तर लोक बेशिस्त नसतात, पाटी चुकलेली असते. एकदा असा खांब बघायला गेलो तर एकाच खांबावर एकाखाली एक चार पाट्या होत्या, दोन बाण एकमेकांच्या विरुद्ध, आणि वेळ इतक्या बारीक अक्षरात की वाचायला गाडीतून उतरावं लागत होतं. उतरायचं म्हणजे गाडी लावायची, आणि लावली की पावती.

दंडाच्या आणि भाड्याच्या पैशांचं काय होतं, हेही विचारा. कॅलिफोर्नियातल्या पॅसाडेना शहराच्या जुन्या बाजारभागात मीटरला दुकानदारांचा विरोध होता. शहराने कबूल केलं की मीटरचे पैसे त्याच रस्त्यांवर खर्च होतील. 1993 साली मीटर आले आणि त्या पैशांतून पदपथ, दिवे, बसायच्या जागा, मागच्या गल्ल्यांची सफाई झाली. दुकानदारांचा विरोध मावळला. पैसे पालिकेच्या मोठ्या तिजोरीत गडप होतात तिथे असा बदल मी अजून पाहिलेला नाही.

तुम्ही लिहिलंय की आमचं बहुतेक गिऱ्हाईक गाडीनेच येतं. असेलही. पण हाही अंदाज तपासून घ्या. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात 2006 साली दुकानदारांना विचारलं तेव्हा त्यांनी गाडीने येणारे 41 टक्के सांगितले, प्रत्यक्ष गिऱ्हाइकांना विचारलं तर 22 टक्के निघाले. दुकानदार लबाडी करत नव्हते, ते स्वतः गाडीने येत होते आणि तक्रारही गाडीवालाच करतो. गल्ल्यावर बसणाऱ्याने आठवडाभर बिल करताना "कसे आलात?" एवढं विचारून टिकमार्क केला तरी पुरे.

आता पावती लागलेल्या ग्राहकाचं. पावती फाडणाऱ्याशी रस्त्यावर वाद घालू नका म्हणावं. बहुतेक ठिकाणी एकदा नोंद झालेली पावती रद्द करायचा अधिकार त्याला नसतोच. पैसे घाईघाईने भरायचेही नाहीत, कारण सहसा भरणा झाला की प्रकरण बंद होतं आणि हरकत घेता येत नाही. त्याच वेळी लवकर भरल्यास सूट किती दिवस आहे ते बघून ठेवावं. इंग्लंडमध्ये पालिकेच्या पावतीवर चौदा दिवसांत निम्मीच रक्कम लागते, इतरत्र मुदत वेगळी. आधी गाडी न हलवता फोटो काढायचे: चाकं आणि रंगवलेली पट्टी एकत्र दिसतील असा एक, सगळ्यात जवळच्या पाटीचा एक, आणि गाडीपासून पाटीपर्यंतचं अंतर दिसेल असा एक. मग पावती वाचायची. नंबर, वेळ, रस्त्याचं नाव, कोणता नियम मोडला. यंत्रावर नंबर टाकताना शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला असेल तर पैसे भरल्याची नोंद दुसऱ्याच गाडीवर जाते, आणि हे अगदी रोजचं आहे.

ती पावती पालिकेची की खासगी जागेच्या मालकाची हेही पाहावं, कारण दोघांचे नियम आणि हरकतीचा रस्ता वेगळा असतो. खासगी म्हणजे केराची टोपली, असं मानू नये. चेम्सफर्डच्या एका दुकान-संकुलात दोन तास फुकट पार्किंग होतं. तिथे जवळजवळ तासभर जास्त थांबलेल्या माणसाने 85 पौंडांच्या आकारणीविरुद्ध थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला आणि 2015 साली तो हरला. जागा ग्राहकांसाठी फिरती ठेवण्यात मालकाचा रास्त हितसंबंध आहे, असं न्यायालयाने मानलं. पाट्या मोठ्या आणि स्पष्ट होत्या, हेही त्या निकालात महत्त्वाचं ठरलं.

कॅमेऱ्याने पकडलेल्या पावतीत एक खास चूक असते. माणूस सकाळी दहा मिनिटं येऊन गेला, संध्याकाळी पुन्हा दहा मिनिटं आला. मधलं जाणं आणि परत येणं समोरच्या ट्रकमुळे कॅमेऱ्याला दिसलं नाही, तर यंत्र पहिलं येणं आणि शेवटचं जाणं जोडून आठ तासांचं पार्किंग दाखवतं. इथे ग्राहकाला मधल्या वेळेत गाडी दुसरीकडे होती याचा पुरावा लागतो, आणि त्यात तुम्ही त्याच्या कामी येऊ शकता. बिलावर तारखेबरोबर वेळ छापली जाते ना, ते आजच तपासा. छपाई फिकट असेल तर रोल बदला, आणि पावती लागलेला ग्राहक परत आला तर त्याला बिलाची दुसरी प्रत शिक्का मारून द्या.